पंख्याचा तुंबा



आपल्या शाळेंत कांहीं मुलें झाई, बोर्डी, नरपड, धाकटी डहाणू, वरोर अशा किनाऱ्यावरील गांवांतून येतात, आणि कांहीं तलासरीकडील पाड्यांतून येतात. पहिल्यांच्या घरीं होडी असते. दुसऱ्यांपैकीं कित्येकांनीं ती दुरूनच पाहिलेली असते. "आम्हांला समुद्राशीं काय करावयाचें?" असें तलासरीच्या मुलांनीं म्हणूं नये. झाई हें मच्छीमारांचें गांव तलासरी तालुक्यांतच मोडतें. शिवाय आज जी गोष्ट सांगावयाची आहे ती होडीच्या पंख्याची असली, तरी विहिरीवरील पंपाला आणि पिठाच्या गिरणीलाही ती तितकीच लागू पडते. फिरणारा दांडा आणि त्यावर बसविलेली वस्तु यांची गांठ कशी टिकते व कशी सुटते, हा आपला विषय.

प्रथम एक हकीकत सांगतों. ती मला एका लहान होडीच्या तांडेलानें सांगितली. होडी फायबरची, मागें आउटबोर्ड मशीन लावलेलें, होडींत तिघे जण. जाळीं ओढून संध्याकाळीं परत फिरले तेव्हां ओहोटी लागली होती. वाटेंत पंख्याला कांहींतरी अडखळल्यासारखा एक धक्का बसला. त्यानंतर मशीन एकाएकीं मोठ्यानें घोंघावूं लागलें, पण होडी जागची हालेना. पंख्याला जाळें गुंतलें असावें म्हणून त्यांनीं मशीन वर उचलून पाहिलें. जाळें नव्हतें, दोर नव्हता, पंख्याचीं तिन्हीं पातीं शाबूत होतीं. मशीन पुन्हां पाण्यांत सोडलें, पुन्हां तोच घोंघाट. आणि इकडे ओहोटीचें पाणी होडीला हळूहळू बाहेर नेत होतें. तांडेलाचा धाकटा भाऊ पुन्हां पुन्हां वेग वाढवूं लागला. तेव्हां त्यांतला वयस्क खलाशी म्हणाला, "अरे बाबा, वाढवूं नकोस, कमी कर. अगदीं कमी कर." वेग उतरविला आणि होडी हळूं हळूं पुढें सरकूं लागली! तासाभराची वाट त्यांनीं चार तासांत कापली. घरचीं माणसें बत्त्या घेऊन कांठावर उभीं होतीं.

मशीन चांगलें, पातीं चांगलीं. मग बिघडलें काय? आणि वेग कमी केल्यावर होडी कां चालली? या दोन प्रश्नांचें उत्तर पंख्याच्या तुंब्यांत आहे.

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागीं जो जाड तुंबा असतो, ज्यांत आरे ठोकलेले असतात, त्याच जागीं पंख्याचा मधला गोल भाग असतो. कारखान्यांत त्याला 'हब' किंवा 'बॉस' म्हणतात. या लेखांत मी तुंबा असेंच म्हणेन. पातीं पाणी कापतात म्हणून सर्वांचें लक्ष पात्यांकडे जातें. परंतु इंजिनाची सगळी शक्ति शाफ्टांतून पात्यांपर्यंत पोंचते ती या तुंब्याच्या वाटेनें.

पंखा म्हणजे पाण्यांत फिरणारें मळसूत्र होय. लांकडांत स्क्रू जसा एका फेऱ्यांत ठराविक अंतर आंत शिरतो, तसा पंखा एका फेऱ्यांत जितकें अंतर पुढें जावयास पाहिजे त्यास त्याचा 'पिच' म्हणतात. समजा, पिच १२ इंच आहे आणि पंखा मिनिटाला ९०० फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला ९०० फूट, तासाला ५४,००० फूट. सागरी मैल सुमारें ६,०८० फुटांचा, तेव्हां होडीनें तासाला ८.९ सागरी मैल जावयास पाहिजे. प्रत्यक्षांत ती साडेसहाच जाते, कारण पाणी लांकडासारखें घट्ट नाहीं, तें मागें सरतें. ही सुमारें २७ टक्क्यांची घसर पाण्यांतली आहे. ती नेहमींची आहे आणि तिच्यावाचून होडी चालावयाचीच नाहीं. आपल्या हकीकतींतली घसर मात्र निराळी. ती तुंब्याच्या आंत होती.

या मळसूत्राचा इतिहास मौजेचा आहे. १८३६ सालीं इंग्लंडांत फ्रान्सिस पेटिट स्मिथ नांवाच्या एका शेतकऱ्यानें आणि त्याच वर्षीं जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनियरानें अशा पंख्याचे हक्क नोंदविले. स्मिथचा पंखा लांकडाचा, दोन पूर्ण वेढ्यांचा होता. पुढच्या वर्षीं लंडनच्या एका कालव्यांत प्रयोग चालूं असतां तो कशावर तरी आपटून अर्धा मोडला, आणि होडी थांबण्याऐवजीं अधिक वेगानें धांवूं लागली! मोडक्या पंख्यानें शोधकाला शहाणें केल्याचें असें उदाहरण विरळा. १८४५ सालीं ब्रिटिश आरमारानें 'रॅटलर' हें पंख्याचें जहाज आणि 'अलेक्टो' हें बाजूच्या चाकांचें जहाज पाठीला पाठ लावून दोरानें बांधलें आणि दोघांना उलट दिशांना ओढावयास लाविलें. रॅटलरनें अलेक्टोला सुमारें अडीच नॉटच्या वेगानें मागें ओढीत नेलें. आपल्या देशांतील मच्छीमार होड्यांवर मात्र शिडाचें राज्य विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलें; १९५२ च्या करारानें केरळांत कोल्लमजवळ सुरू झालेला भारत-नॉर्वे प्रकल्प हा त्या बदलांतील एक ठळक टप्पा. असो.

आतां आउटबोर्ड मशीनच्या तुंब्याकडे वळूं. हा तुंबा आंतून पोकळ असतो. मध्यें पितळेची एक नळी असून तिच्या आंतल्या बाजूस दांते कोरलेले असतात. ते शाफ्टावरील दांत्यांत बसतात. नळीभोंवतीं जाड रबराचें कवच चिकटविलेलें असतें, आणि तें कवच भारी दाब देऊन तुंब्यांत कोंबलेलें असतें. रबर आणि तुंबा यांच्यामध्यें ना खिळा, ना चावी. जें कांहीं धरून ठेवतें तें केवळ घर्षण. हें मुद्दाम केलेलें आहे. डोलीच्या खुंटावर किंवा वरोर-वाढवणच्या बाजूच्या खडकावर पंखा आपटला, तर रबरानें क्षणभर घसरावें आणि मशीनच्या आंतील दंतचक्रें वांचवावीं, अशी ही योजना. घरांतील विजेचा फ्यूज जसा स्वतः जळून घर वांचवितो, तसेंच हें. अगदीं लहान मशीनांत रबराऐवजीं मऊ धातूची एक पिन असते. ती तुटते आणि बाकीचें वांचतें.

परंतु एकदां जोरानें घसरलेलें रबर पूर्वीसारखें धरीत नाहीं. घासून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, कधीं जळून कडक होतो. पंखा फिरविण्यास लागणारा पीळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे फेरे निम्मे केले तर पीळ चौथाई होतो. पूर्ण वेगाचा पीळ त्या दुबळ्या रबराला सोसेना, चौथाई पीळ सोसला, आणि म्हणून वेग उतरवितांच होडी चालली. वयस्क खलाशाला वर्गाचें प्रमाण कोणीं शिकविलें नव्हतें. त्याला अनुभवानें तें ठाऊक होतें. नववींतल्या मुलांनीं तें पुस्तकांत वाचलेलें आहे, पण त्या रात्रीं त्यांपैकीं किती जणांना आठवलें असतें, हें मला सांगवत नाहीं.

तुंबाच घसरतो आहे हें खात्रीनें कसें ओळखावें? वेग वाढवूनही होडी न चालण्याचीं कारणें अनेक असूं शकतात: पात्यांवर गुंतलेलें जाळें, मशीन फार वर बसविल्यामुळें पंख्यानें ओढलेली हवा, किंवा गिअरमधील दोष. परीक्षा सोपी आहे. मशीन बंद करून पंख्याच्या मागील तोंडावर, पितळी नळीपासून रबरावरून तुंब्याच्या कांठापर्यंत, तैलरंगाची एक सरळ रेघ ओढावी. ती वाळूं द्यावी. मग होडी पाण्यांत नेऊन भार देऊन चालवावी आणि परत येऊन पाहावें. रेघ सरळ असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. रेघ मध्यें तुटून दोन तुकडे निरनिराळ्या जागीं गेले असतील, तर तुंबा घसरला.

घसरलेला तुंबा दुरुस्त होत नाहीं, त्याचें आंतलें रबर बदलावें लागतें. पंखा काढण्यापूर्वीं मशीन चालूं होणार नाहीं अशी व्यवस्था करावी. फिरत्या पंख्याजवळ गेलेला हात परत मिळत नाहीं. नट, वायसर, कडीं ज्या क्रमानें निघतात त्याच क्रमानें फडक्यावर मांडून ठेवावीं. एक कडें उलटें बसलें तरी नवा तुंबा गिअरच्या पेटीवर घासतो. जुनें रबर दाबयंत्रानें बाहेर ढकलून काढितात. कित्येक ठिकाणीं तें जाळून काढितात. तें करूं नये. रबराचा धूर विषारी, आणि ॲल्युमिनियम तापून मऊ पडतें तें निराळेंच. नवें रबर बसवितांना साबणाचें पाणी लावावें, तेल किंवा ग्रीस कदापि लावूं नये; साबणाचें पाणी वाळून जातें, तेल राहतें आणि रबराला पुन्हां घसरावयास शिकवितें. ग्रीसची जागा शाफ्टावरील दांत्यांवर आहे, तेथें तें भरपूर असावें. आजकाल टणक प्लास्टिकचा सुटा बुश असलेले पंखेही मिळतात. त्यांचा तुंबा एका पान्यानें होडींतच बदलतां येतो, आणि असा एक बुश जवळ बाळगणारा तांडेल मला शहाणा वाटतो.

येथें एका गैरसमजाविषयीं लिहिणें जरूर आहे. "रबर घसरतें काय? मग भोंक पाडून बोल्ट ठोकून टाकूं," असा उपाय किनाऱ्यावर वारंवार ऐकूं येतो. किनारा गांठण्यापुरता तो क्षम्य असेल. पण तसाच पंखा पुढें वापरणें म्हणजे फ्यूजच्या जागीं जाड तार घालणें होय. पुढच्या खडकाला तुंबा वांचेल आणि दंतचक्रें जातील. तीं समुद्रांत बदलतां येत नाहींत.

मोठ्या होड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत डिझेल इंजिन पोटांत बसविलेलें असतें आणि लांब शाफ्ट स्टर्न ट्यूबमधून मागें बाहेर निघतो. शाफ्टाचें टोंक निमुळतें केलेलें असतें. दहा, बारा किंवा सोळा इंच लांबीस व्यास एक इंच कमी होईल अशा बेतानें. पंख्याच्या तुंब्याचें भोंकही तितकेंच निमुळतें. मागून नट आवळला कीं पंखा त्या निमुळत्यावर पाचरेसारखा घट्ट बसतो. शिवाय दोघांमध्यें खांच पाडून एक चौकोनी पोलादी चावी घातलेली असते. येथें रबर नाहीं.

या चावीवर किती भार येतो तें पाहूं. इंजिन २० अश्वशक्तीचें, पंखा मिनिटाला ९०० फेरे घेणारा आणि शाफ्ट ४० मिलिमीटर जाडीचा घ्या. शक्तीला फिरण्याच्या वेगानें भागिलें असतां पीळ येतो सुमारें १५८ न्यूटन-मीटर. तो शाफ्टाच्या पृष्ठाशीं, म्हणजे मध्यापासून २० मिलिमीटरवर, लागतो. तेव्हां जोर झाला सुमारें ७,९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ८०० किलो वजनाइतका. आठ क्विंटलचा हा भार बोटाएवढ्या पोलादाच्या तुकड्यानें दिवसभर सोसावा अशी अपेक्षा करणें चूक आहे. खरा भार निमुळत्या भागाच्या घट्ट बैठकीनेंच पेलला पाहिजे. चावी ही राखीव शिपायासारखी. बैठक सैल झाली कीं सगळा भार चावीवर येतो, पंखा क्षणाक्षणाला किंचित मागेंपुढें हालतो, खांच रुंदावते, आणि खांचेच्या कोपऱ्यांतून तुंब्याला चीर जाऊं लागते.

असा एक बिघडलेला तुंबा मुलांना दाखविण्यासाठीं आम्ही डहाणूच्या खाडीवर गेलों होतों. होडी वाळूवर चढवून टेकू दिलेले होते. चढविण्याचा दिवस मालकानें विचारपूर्वक निवडला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हें किनाऱ्यावरील प्रत्येक मूल जाणतें. पण उधाणाच्या अगदीं माथ्यावर होडी चढविली, तर दुसऱ्या दिवसापासून भरती उतरत जाते, पाणी होडीपर्यंत पोंचतच नाहीं, आणि ती पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरवडाभर, अडकून पडते. मच्छीमाराचा पंधरवडा बुडणें म्हणजे काय, हें पालकांस सांगावयास नको. म्हणून भरती चढती असतांनाच काम काढितात. दोन भरत्यांमध्यें साधारणतः बारा तास पंचवीस मिनिटें असतात. त्यांत पंखा पूर्ण उघडा राहतो तो चार-पांच तासच.

मिस्त्रीनें प्रथम नट सैल केला, पण काढून टाकिला नाहीं. चार आटे तसेच ठेविले, नाहींतर निमुळत्यावरून सुटलेला पंखा उडून पायावर येतो. मग पुलर लावून ताण दिला. पंखा निघेना. एका मुलानें हातोडा पुढें केला. मिस्त्री हंसून म्हणाला, "बाळा, हातोड्यानें पंखा निघेल, पण शाफ्ट वांकेल." त्यानें स्टर्न ट्यूबवर ओलीं फडकीं गुंडाळिलीं आणि तुंबा सर्व बाजूंनीं हळूंहळूं तापविला. यांत आपलें भौतिकशास्त्र आहे. कांशाचा तुंबा उष्णतेनें पोलादापेक्षां जास्त फुगतो, आणि येथें तर तापत होता तोच. ४० मिलिमीटरचें भोंक ८० अंशांनीं तापलें तर सुमारें ०.०६ मिलिमीटर वाढतें. हें अंतर केसाच्या जाडीएवढें; तेवढ्यानेंच 'टक्' असा आवाज होऊन पंखा सुटला. (रबराच्या तुंब्याला मात्र आंच दाखवूं नये.)

नंतर परीक्षा. पंखा दोरीनें टांगून लांकडी दांडक्यानें हलका ठोका दिला. निर्दोष पंखा घंटेसारखा वाजतो. हा बद्द वाजला. मग मिस्त्रीनें तुंब्याला रॉकेल लावून थोड्या वेळानें कोरडें पुसलें, आणि आमच्याच शाळेचा खडू कुटून त्यावर भुरभुरविला. कांहीं मिनिटांत पांढऱ्या भुकटीवर एक ओली काळसर रेघ उमटली. ती चावीच्या खांचेच्या कोपऱ्यापासून तुंब्याच्या बाहेरच्या अंगापर्यंत गेली होती. चिरेंत शिरलेलें रॉकेल खडूनें परत बाहेर ओढलें होतें. फळ्यावर झिजणाऱ्या खडूचा हा उपयोग पाहून मुलें चकित झालीं, आणि खरें सांगावयाचें तर मीही झालों.

मिस्त्रीनें आणखी एक गोष्ट दाखविली. तुंबा कानशीनें थोडा घासला तेव्हां कांहीं ठिकाणीं पिवळ्या रंगाऐवजीं तांबूस रंग दिसला. ज्याला बाजारांत 'मँगनीज ब्राँझ' म्हणतात तें वस्तुतः पितळच. त्यांत तांब्याबरोबर बरेंच जस्त असतें. खाऱ्या पाण्यांत तें जस्त हळूहळू निघून जातें आणि मागें सच्छिद्र, ठिसूळ तांबें राहतें. म्हणूनच शाफ्टाजवळ जस्ताचा वेगळा तुकडा लावितात. समुद्र आधीं त्याला खातो.

दुरुस्ती कीं नवा पंखा, हा प्रश्न मालकापुढें उभा राहिला. पात्याचा कांठ वांकला असता तर तो सरळ करतां आला असता. भोंक नुसतें झिजलें असतें, तर लेथवर मोठें करून आंत बुश बसवितां आला असता, अर्थात् तुंब्याची भिंत पुरेशी जाड असती तर. खांच रुंदावली असती तर समोरच्या बाजूस नवी खांच पाडतां आली असती. पण चीर आरपार गेली होती आणि धातु तांबूस पडली होती. "वरून वेल्डिंग मारून द्या, हा हंगाम निघेल," असें मालक म्हणाला. मिस्त्रीनें नकार दिला. वेल्डिंग वरचें तोंड बंद करील, आंतली चीर तशीच राहील, आणि पंखा पडेल तो नेमका भर समुद्रांत, असें त्याचें म्हणणें. दोघांत बरीच बोलाचाली झाली. मालकाची अडचण खोटी नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यापुढचे महिनेच कमाईचे, आणि पैसा हातीं नाहीं. शेवटीं त्याच्या वडिलांनीं एकच विचारलें, "बोटीवर कोण जाणार आहे?" मालकाचा मुलगा जाणार होता. नवा पंखा आणविला.

तो आला दुसऱ्या दिवशींच्या ओहोटीला. मिस्त्रीनें शाफ्टाच्या निमुळत्या भागावर निळा रंग अगदीं पातळ लाविला, चावी न घालतां पंखा सारला, आणि काढून पाहिलें. भोंकांत निळा रंग जेथें लागला तेवढीच खरी बैठक. पहिल्या वेळीं तो फक्त मागच्या निम्म्या भागांत लागला. बारीक घासणी लावून त्यानें पंखा मागेंपुढें फिरवीत घांसला. रंग, घांसणें, पुसणें, पुन्हां रंग. तिसऱ्या खेपेस बहुतेक सर्व भोंक निळें झालें. मग पंखा पुढें जेथें थांबला तेथें शाफ्टावर खूण केली. त्यानंतर चावी घालून तोच पंखा पुन्हां चढविला. तो खुणेच्या थोडा अलीकडेच अडला! म्हणजे पंखा शाफ्टावर न बसतां चावीच्या डोक्यावर बसला होता. बाहेरून पाहणाराला हा दोष कधीं दिसला नसता. नट घट्ट लागला असता, आणि बैठक पोकळच राहिली असती. चावीची वरची बाजू कानशीनें किंचित उतरविली, आणि पंखा खुणेवर आला.

नट दोन होते, एक पातळ आणि एक जाड. जाड नट आधीं लावावा असें मुलांना वाटलें. मिस्त्रीनें पातळ आधीं लाविला, त्यावर जाड. दोन नट एकमेकांवर आवळले म्हणजे शेवटीं भार बाहेरच्या नटावर येतो, म्हणून जाड नट बाहेर. त्यावर नवी काटर पिन घातली. जुनी सरळ करून वापरण्याचा मोह त्यानें केला नाहीं.

तोंवर भरतीचें पाणी सुकाणूला लागलें होतें. होडी तरंगली, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आली, आणि दुसऱ्या दिवशींच्या ओहोटीला मिस्त्री पुन्हां आला. काटर पिन काढून त्यानें नटांना पाना लाविला. पाव फेऱ्याइतका ते अजून आवळले गेले. नवी पिन घालून त्यानें टोंकें दुमडलीं आणि हात धुवावयास पाण्याकडे गेला.